कुमार रॉकर: डबल-ए मधून वर जाणार का? आणि गेला तर टिकणार का?

फ्रिस्कोकर | १८ ऑगस्ट २०२४

डॅलसच्या उत्तरेला आमचं फ्रिस्को. इथे मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि गावातलं बेसबॉलचं मैदान, रायडर्स फील्ड, सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथे जायचं ते मुलांना आउटफिल्डमागच्या लेझी रिव्हरमध्ये डुंबू द्यायला नाहीतर फटाके बघायला. खेळ कोण खेळतंय हे फारसं कुणी बघत नाही. म्हणून हा धागा काढतोय, कारण सध्या इथे जो पिचर (बेसबॉलचा गोलंदाज म्हणा) खेळतोय त्याच्याकडे आपण बघायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

कुमार रॉकर. वय २४, उंची ६ फूट ५ इंच, उजवा हात. वडील ट्रेसी रॉकर अमेरिकन फुटबॉलमधलं मोठं नाव, नंतर कोच. आईचे आईवडील भारतातून आलेले, आणि 'कुमार' हे नाव तिकडून आलेलं.

२०१९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात पहिल्याच वर्षाला असताना ड्यूकविरुद्ध त्याने नो-हिटर टाकला. म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट नाही. त्यात १९ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा सोडलेल्या चांगल्या चेंडूंवर) बाद. त्या रात्रीनंतर लोक त्याला भावी पहिल्या क्रमांकाचा पिचर म्हणायला लागले. मग २०२१ मध्ये त्याचा वेग मधूनमधून उतरायला लागला. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, ६० लाख डॉलर ठरल्याच्या बातम्या आल्या, आणि वैद्यकीय तपासणीनंतर क्लबने सहीच केली नाही. २१ वर्षांच्या पोराच्या खांद्याची आणि कोपराची चर्चा सगळ्या देशाने केली. त्या सप्टेंबरमध्ये खांद्यावर छोटी शस्त्रक्रिया झाली. पुढच्या उन्हाळ्यात तो ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्स या स्वतंत्र लीगच्या संघाकडून खेळला. ५ सामने, २० डाव (बेसबॉलचा डाव तीन बाद होईपर्यंतच), ३२ स्ट्राइकआउट. महिनाभरात टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं, ५२ लाख डॉलर देऊन. गंमत बघा, व्हँडरबिल्टचाच त्याचा जोडीदार जॅक लायटर आधीच्या वर्षी रेंजर्सकडेच गेला होता.

२०२३ मध्ये हिकरीला हाय-ए मध्ये ६ सामने होतात न होतात तोच कोपर गेलं. मे महिन्यात टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे कोपरातला फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवायची. वर्षभर घरी, म्हणजे खरं तर जिममध्ये आणि फिजिओच्या टेबलावर. आता परत आलाय.

नुकतंच त्याला इथे पाहिलं. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेच्या मागे, जाळीजवळ बसलो होतो. त्याचा स्लायडर तिथून बघण्यासारखा असतो. चेंडू फास्टबॉलसारखाच निघतो, बॅटर बॅट फिरवायला घेतो, आणि शेवटच्या दहा-बारा फुटांत चेंडू खाली आणि बाहेर पळतो. बॅटर हवेत. पण मला जास्त आवडलं ते वेगळंच. पूर्वी व्हिडिओत दिसायचं की तो प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतोय. आता तो हिशोबाने टाकतो. गरज पडली तरच वेगाची पट्टी वर जाते. मला वाटतं पिचर घडणं म्हणजे हेच. तो वर जाईल याबद्दल मला शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की त्याच्याकडे दोन उत्तम चेंडू आहेत, तिसरा अजून तयार व्हायचाय.

तुमची मतं वाचायला आवडतील. बेसबॉल कळत नसेल तरी विचारा, मला सांगायला आवडतं.

खान्देशकन्या | १८ ऑगस्ट २०२४

छान लिहिलंय. मी जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळले आहे, पिचरच होते, पण तिथे हात खालून फिरतो. त्यामुळे खेळ थोडाफार कळतो, ही ए, डबल-ए भानगड कळत नाही. हे आपल्या रणजीसारखं आहे का? आणि तिसरा चेंडू का लागतो? दोन चांगले असले की भागत नाही?

फ्रिस्कोकर | १९ ऑगस्ट २०२४

खान्देशकन्या ताई, रणजीसारखं वरवर वाटतं, पण मुळात फरक आहे. मुंबईचा रणजी संघ मुंबईचा असतो, त्याला रणजी जिंकायची असते. फ्रिस्कोचे खेळाडू फ्रिस्कोचे नसतातच. ते रेंजर्सचे. कोण किती डाव टाकणार, कुठला चेंडू किती वेळा टाकून बघणार, हे सगळं वरून ठरतं. आज ७० चेंडू म्हटलं की ७०, मग सामना हातातून गेला तरी चालेल. इथे विजय ही दुय्यम गोष्ट आहे, शिकणं पहिलं. उतरंड अशी: सगळ्यात खाली ॲरिझोना-फ्लोरिडातले सराव संकुलांचे संघ, मग लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि वर मेजर लीग. ३० क्लब, प्रत्येकाचे चार संघ, म्हणजे १२० गावांत हे चालतं. रेंजर्सचं ट्रिपल-ए राउंड रॉकला आहे, ऑस्टिनजवळ.

तिसऱ्या चेंडूचं असं, की सामना सुरू करणाऱ्या पिचरला तेच नऊ बॅटर दोनदा-तीनदा भेटतात. तिसऱ्यांदा समोर आला की बॅटरला तुमचा स्लायडर पाठ झालेला असतो. त्यातून डावखुरा बॅटर असेल तर उजव्या हाताच्या पिचरचा स्लायडर त्याच्याकडे वळत येतो, त्याला तो नीट दिसतो. त्याच्यासाठी चेंजअप लागतो, म्हणजे हात तेवढ्याच वेगाने फिरतो पण चेंडू मागे राहतो. दोनच चेंडू असलेल्याला बहुतेक वेळा शेवटच्या एक-दोन डावांसाठी राखून ठेवतात. तेही मानाचं काम आहे, पण तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या मुलाकडून अपेक्षा वेगळी असते.

आठवलं म्हणून सांगतो. पिचर जेकब डीग्रॉम २०१० मध्ये नवव्या फेरीत निवडला गेला, कॉलेजात तो मुळात शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक होता. पहिल्याच वर्षी कोपर गेलं. रिहॅबमध्ये त्याच्याबरोबर नावाजलेला पिचर योहान सँटाना होता, तोही दुखापतीतून सावरत होता. त्याच्याकडून डीग्रॉमने चेंजअपची पकड शिकून घेतली. २०१४ ला वर आला आणि २०१८, २०१९ अशी लागोपाठ दोन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरची) पारितोषिकं घेतली. दुखापतीचं वर्ष वाया जातं असं म्हणतात, त्याचं गेलं नाही.

फिजिओ_पुणे | १९ ऑगस्ट २०२४

कोपराबद्दल थोडं लिहिते, माझं रोजचं काम आहे.

कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, एक छोटी लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा अस्थिबंध, असते. यूसीएल म्हणतात. पिचर हात मागे नेऊन पुढे फेकतो तेव्हा कोपराखालचा हात क्षणभर मागेच राहतो आणि कोपर आतून उघडायला बघतं. ते उघडू न देण्याचं काम या लिगामेंटचं आणि भोवतीच्या स्नायूंचं. प्रत्येक जोरदार चेंडूला तिच्यावर जवळपास तिच्या क्षमतेइतका ताण येतो. स्नायू ताजे असतील तर ते वाटा उचलतात. थकले की सगळं लिगामेंटवर.

१९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या मनगटातली एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून कोपरात बसवली. तोवर ही दुखापत म्हणजे कारकीर्द संपली असाच अर्थ होता. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतले आणि १९८९ पर्यंत खेळले. त्यांच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. तुम्हीही बघा: अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट थोडं आत वळवा, मधोमध जी दोरी वर येते तीच ती कंडरा. काही जणांना नसतेच. मग मांडीतली घेतात.

एक गैरसमज मात्र दूर करायचाय. शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा मजबूत होतो हे खरं नाही. मजबूत होतो तो वर्षभराच्या व्यायामामुळे. परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. रॉकर चौदा महिन्यांच्या आसपास परत आला म्हणजे वेळेत आहे. परतल्यावर आधी वेग येतो, चेंडू हवा तिथे टाकण्याची खात्री सगळ्यात शेवटी येते. म्हणून आत्ता त्याचे स्ट्राइकआउट मोजू नका, वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट दिलेला पहिला बेस) मोजा.

जुना_गोलंदाज | २० ऑगस्ट २०२४

कोल्हापूरकर आहे, वीस वर्षं मॅटवर आणि टर्फवर गोलंदाजी केली. मला हे सत्तर चेंडूंचं बंधन काय पटत नाही. आमच्यात सकाळी नेटमध्ये दहा षटकं आणि दुपारी सामन्यात बारा. गोलंदाज टाकूनच घडतो. एवढं जपून जपूनही यांची कोपरं जातातच की!

फिजिओ_पुणे | २० ऑगस्ट २०२४

काका, तुमच्या आणि त्याच्या फेकीत मूलभूत फरक आहे. क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, म्हणून ताण कोपरावर कमी आणि कमरेवर, पाठीवर जास्त. बुमराहची पाठ गेली, मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ऑगस्टमध्ये तो परतला. तुम्हाला धाव घेऊन वेग मिळतो. पिचर उताराच्या माउंडवर (मातीच्या उंचवट्यावर) एका पायावर उभा असतो, एक पाऊल टाकतो, तेवढ्यात ताशी ९५ मैल म्हणजे १५३ किलोमीटरचा वेग काढायचा. सगळा हिशोब कंबर, खांदा, कोपर यांच्या फिरण्यात.

पण तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. नुसतं मोजून कोपर वाचत नाही. ७० चेंडू सगळे शंभर टक्के जोर लावून टाकले तर ते तुमच्या २२ षटकांपेक्षा महाग पडतात.

जुना_गोलंदाज | २० ऑगस्ट २०२४

हे कळलं. आम्ही दिवसभर टाकायचो कारण सत्तर टक्क्यांनी टाकायचो. राखून ठेवलेला वेगवान चेंडू दिवसातून पाच-सहा वेळाच. आता पोरांना स्पीडगनचा आकडाच हवा असतो, इकडेही तेच सुरू झालंय.

ब्रिजवॉटरची_मैना | २१ ऑगस्ट २०२४

न्यू जर्सीतून. आमच्याकडे सॉमरसेट पेट्रियट्स आहेत, २०२१ पासून यँकीजचा डबल-ए संघ. त्याआधी तो स्वतंत्र लीगमध्ये होता.

फ्रिस्कोकर, तुमचा उत्साह समजते, पण मी थोडी सावध आहे. खांदा आणि कोपर दोन्हीवर शस्त्रक्रिया झालेला उंच, वजनदार पिचर, तिसरा चेंडू कच्चा, आणि २०२१ पासून पूर्ण हंगाम एकदाही नाही. डाव्या हाताच्या बॅटरनी त्याला वरच्या लीगमध्ये गाठलं की काय होईल? माझा अंदाज, तो शेवटच्या डावांचा पिचर म्हणून चमकेल. शिवाय रेंजर्सना घाई नाही. २०२२ ला कॉलेजातून घेतलेल्या खेळाडूला २०२५ च्या अखेरीपर्यंत क्लबच्या मुख्य ४० जणांच्या यादीत घेतलं नाही तरी दुसरा क्लब उचलू शकत नाही. मग आत्ता सप्टेंबरमध्ये का आणतील?

आणखी एक. रॉकरकडे ५२ लाख आहेत, त्याच्या शेजारच्या लॉकरवाल्याकडे नाहीत. डबल-ए चं किमान वेतन २०२३ च्या करारात वर्षाला ३०,२५० डॉलर झालं. त्याआधी ते १३,८०० होतं. घराची सोय क्लबने करायला २०२२ मध्ये सुरुवात झाली, तोवर सहा-सहा मुलं एका घरात जमिनीवर गाद्या टाकून झोपायची. आमच्या मैदानाजवळच्या दुकानात हिवाळ्यात काम करणारा एक पिचर मी पाहिलाय, खोकी उचलताना उजवा हात जपायचा. 'विकास' म्हणतो आपण, त्यात पोटभर जेवण आणि आठ तास झोपही येते.

माचीवरचा | २१ ऑगस्ट २०२४

भारतीय पिचर म्हटलं की मला रिंकू सिंगच आठवतो. त्याचं शेवटी काय झालं?

फ्रिस्कोकर | २२ ऑगस्ट २०२४

रिंकू सिंगबद्दल मला फार आपुलकी आहे, त्यामुळे जरा लांबेल.

उत्तर प्रदेशात भदोहीजवळच्या खेड्यातला मुलगा, भालाफेक करायचा, डावखुरा. २००८ मध्ये अमेरिकन एजंट जे. बी. बर्नस्टीन यांनी भारतात वेगाने आणि अचूक चेंडू फेकण्याची स्पर्धा घेतली. ३७ हजारांवर मुलं आली. रिंकूने ताशी ८७ मैलांचा चेंडू टाकून जिंकली. दिनेश पटेल नावाचा दुसरा मुलगा उजव्या हाताचा, त्याचा वेग याच्याहून जास्त होता. दोघांनी आयुष्यात बेसबॉल हातात घेतला नव्हता. लॉस एंजेलिसला टॉम हाउस या नामांकित कोचकडे त्यांना शिकवलं, आणि त्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये सही करणारे पहिले भारतीय.

इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्यानंतरची. दिनेश २०१० च्या अखेरीस घरी परतला. रिंकू राहिला. सगळ्यात खालच्या गल्फ कोस्ट लीगपासून वर चढत २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाला लो-ए मध्ये पोचला आणि तिथे त्याचा ईआरए २.९५ होता. म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर तीनपेक्षा कमी धावा. तीन वर्षांपूर्वी ज्याला स्ट्राइक म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्याचा हा आकडा आहे. त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात कॅनबेराकडूनही खेळला. मग कोपर. टॉमी जॉन. परत दुखणं. सिंगल-ए च्या पुढे त्याला कधी जाता आलं नाही. २०१८ मध्ये तो कुस्तीच्या रिंगणात, डब्ल्यूडब्ल्यूईत गेला.

लोक म्हणतात, प्रचारासाठी उचललेली मुलं, होणारच होतं असं. मला हे अजिबात मान्य नाही. अमेरिकन मुलगा आठव्या वर्षी माउंडवर उभा राहतो. बॅटर काय ओळखतो, पाय कुठे पडला की चेंडू उंच जातो, पहिल्या बेसवरचा धावणारा कधी पळेल, हे त्याला हाडात मुरलेलं असतं. रिंकूने ते विसाव्या वर्षापासून शिकायला घेतलं, नव्या भाषेत, नव्या जेवणावर, आणि तीन हंगामांत ती दरी बरीचशी भरून काढली. कोपर टिकलं असतं तर तो कुठे पोचला असता, हा विचार माझ्या मनात अजून येतो.

ब्रिजवॉटरची_मैना | २२ ऑगस्ट २०२४

हे मला एवढं तपशिलात माहीत नव्हतं. २.९५ वाचून थांबले. धन्यवाद.

खान्देशकन्या | २३ ऑगस्ट २०२४

माझा भाचा एडिसनला असतो, वय १२, पिचर आहे. त्याचे कोच त्याला शनिवार-रविवार दोन्ही दिवस टाकायला लावतात, बहीण काळजीत आहे. तिने काय विचारावं कोचना?

फिजिओ_पुणे | २३ ऑगस्ट २०२४

ताई, मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये वयानुसार मर्यादा ठरवून दिल्या आहेत. ११-१२ वयाला दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू. ६६ किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. २० पर्यंत टाकले तरच दुसऱ्या दिवशी टाकता येतं. बहिणीने स्वतः वहीत मोजावं, कारण दोन संघांकडून खेळत असेल तर दोन्ही कोच आपापलेच मोजतात. वर्षातून निदान चार महिने फेक बंद. आणि कोपराच्या आतून दुखतंय म्हणाला तर त्या दिवशी थांबवायचं, कोच काहीही म्हणोत.

फ्रिस्कोकर | १३ सप्टेंबर २०२४

काल रात्री!! गौरी विसर्जन करून आलो, आरत्या आटोपल्या आणि टीव्ही लावला. सिएटलविरुद्ध कुमार रॉकरचं मेजर लीग पदार्पण. चार डाव, सात स्ट्राइकआउट, एक धाव. महिन्यापूर्वी ज्याला मी जाळीजवळून बघितलं तोच स्लायडर, तसाच बाहेर पळणारा. मध्ये राउंड रॉकला त्याला दोनच सामने दिले आणि थेट वर नेलं. मैना ताई, सप्टेंबरमध्ये आणलंच हो.

आणि आज त्याच मैदानावर डीग्रॉम दुसऱ्या टॉमी जॉननंतर परत उतरतोय. दोन्ही कोपरांची वर्षं आठवली आणि भरून आलं.

ब्रिजवॉटरची_मैना | १३ सप्टेंबर २०२४

माझा अंदाज चुकला, आनंदाने मान्य करते. मीही बघितला. चेंजअप मात्र क्वचितच दिसला. पुढच्या वर्षी बघू.

जुना_गोलंदाज | १४ सप्टेंबर २०२४

नातवाने फोनवर दाखवला. हात सैल सोडतो पोरगं. आवडला.

ब्रिजवॉटरची_मैना | २४ ऑगस्ट २०२५

वर्षाने धागा वर आणतेय. रॉकरला परत राउंड रॉकला पाठवलंय. हंगामाच्या सुरुवातीला तो रेंजर्सच्या पाच मुख्य पिचरांत होता. मध्ये खांद्याच्या दुखण्याने काही आठवडे बाहेर गेला, आणि ईआरए साडेपाचच्या वर. फास्टबॉल ठोकला जातोय, विशेषतः डावखुऱ्यांकडून. मी बरोबर ठरले म्हणून नाही लिहीत, खरंच वाईट वाटलं. फ्रिस्कोकर, तुम्हाला काय दिसतंय?

फिजिओ_पुणे | २४ ऑगस्ट २०२५

वाचतेय. गेल्या डिसेंबरमध्ये मेजर लीगने पिचरांच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला. त्यातही हेच आलंय: जास्तीत जास्त वेग, जास्तीत जास्त फिरकी आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर, ही मुख्य कारणं. क्लब बक्षीस त्याच गोष्टींना देतात, मग पोरांनी दुसरं काय करावं? ट्रिपल-ए मध्ये त्याला खांदा सांभाळून सावकाश काम करू दिलं तर ते चांगलंच आहे.

फ्रिस्कोकर | २५ ऑगस्ट २०२५

मलाही तेच दिसतंय, मैना ताई. वर फास्टबॉलची जागा चुकतेय. डबल-ए मध्ये मधोमध पडलेला ९६ चा चेंडू बॅटर चुकवतो, वर तो भिंतीपलीकडे जातो. पण तो २५ वर्षांचा आहे आणि शस्त्रक्रियेनंतरचं हे त्याचं पहिलं पूर्ण वर्ष. २०२१ पासून एवढे डाव त्याने टाकलेच नव्हते. वर ते शिकायला वेळ मिळत नाही, तिथे प्रत्येक सामना जिंकायचा असतो. राउंड रॉकला वाईट चेंजअप वीस वेळा टाकून बघता येतो.

इथून राउंड रॉक तीन-साडेतीन तासांवर आहे. तो तिकडे माउंडवर उतरतोय असं कळलं की मी मुलाला घेऊन गाडीने जाणार आहे, होम प्लेटमागची तिकिटं काढून. चेंजअप किती टाकतो आणि किती स्ट्राइक पडतात ते मुलगा वहीत मोजणार आहे, आणि आकडे इथेच टाकतो. ऑस्टिनकडचं कुणी येणार असेल तर खाली लिहा, सामन्याआधी भेटू.